लुपस आहे आणि मूल हवं आहे, तर गोळ्या बंद करून चान्स घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, घर ऐरोलीत, लुपसमुळे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) मध्यंतरी किडनीला सूज आली होती, आता रिपोर्ट बरे येतात, आणि सासूबाई म्हणतात, "या उष्ण गोळ्या आधी बंद कर आणि चान्स घ्या."

गोळ्या मनाने बंद करू नका. आहेत त्याच गोळ्या घेत चान्सही घेऊ नका. आधी औषधं बदलून घ्यायची, बदललेल्या औषधांवर आजार शांत राहतो का ते बघायचं, मग चान्स. तोवर दिवस राहणार नाहीत याची पक्की सोय करायची. ही शेवटची गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात राहते, मलाही लुपस आहे, माझाही किडनीवर आला होता, आणि मुलगी आता बालवाडीत जाते. डोस तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, तेवढं मी सांगू शकते.

किडनीचा लुपस म्हणजे तुमच्या फाइलमध्ये बहुधा मायकोफेनोलेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, असेल. ही गोळी गर्भाला घातक आहे. गर्भपात होऊ शकतो, बाळाचे कान, ओठ, टाळू नीट न घडण्याचा धोका असतो. गर्भ राहण्याआधी किमान ६ आठवडे ती बंद झालेली असावी लागते. पण नुसते ६ आठवडे मोजून भागत नाही, कारण तिच्या जागी सहसा अझाथायोप्रिन देतात, आणि त्यावर किडनी गप्प राहते का हे कळायला काही महिने जातात. आजार किमान ६ महिने शांत असावा, मग गर्भधारणा, असं तज्ज्ञ सांगतात ते यासाठीच. शांत म्हणजे 'मला बरं वाटतंय' असं नव्हे. २४ तासांच्या लघवीत प्रोटीन ५०० मिलिग्रॅमच्या आत, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि बीपी स्थिर, स्टिरॉइडचा डोस कमी, असं कागदावर दिसायला हवं. मेथोट्रेक्सेट आणि सायक्लोफॉस्फामाइड हीसुद्धा आधीच थांबवायची औषधं आहेत. आणि लघवीतलं प्रोटीन कमी करायला टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल दिलेलं असेल तर तेही दाखवा. 'ती काय, बीपीची गोळी' म्हणून आपण ती औषधांत धरतच नाही. पण गरोदरपणात ती चालत नाही, दुसरी द्यावी लागते.

एक गोळी मात्र चालूच ठेवायची असते, ती एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. तिच्यामुळे गरोदरपणात आजार उसळण्याचं प्रमाण कमी होतं. खास काही अडचण नसेल तर लुपस असलेल्या प्रत्येक गरोदर बाईने ती घ्यावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी आमच्या भागातल्या एका प्रसूतिगृहात माझी स्ट्रिप बघून "ही मलेरियाची गोळी कशाला? बंद करा" असं ऐकवलं गेलं होतं. मी परळच्या माझ्या संधिवाताच्या डॉक्टरांना (लुपस तेच बघतात) विचारलं आणि चालू ठेवली. तुम्हालाही कुणीतरी हे म्हणेल, तयारीत राहा.

आता मधल्या महिन्यांचं. संधिवाताच्या डॉक्टरांना वाटतं, तोवर दिवस राहू देऊ नका हे गायनॅकने सांगितलं असेल. गायनॅकला वाटतं, एवढी मोठी फाइल आहे, तिकडे बोलणं झालंच असेल. आणि आपण संततिनियमनाचा विषय काढायला लाजतो. त्यातून सासूबाई बरोबर आलेल्या असल्या की संपलंच. परिणामी मायकोफेनोलेट चालू असताना पाळी चुकते, आणि मग जे निर्णय घ्यावे लागतात ते फार जड जातात. म्हणून पुढच्या भेटीला शक्यतो नवऱ्याला घेऊन जा.

साधन कुठलं, हेही आजारावर ठरतं. माला-डी किंवा माला-एन या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी असतील तर त्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आजार जोरात असतानाही त्या टाळतात. त्या अँटिबॉडी असतील तर तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही घेऊ नये. मायकोफेनोलेटमुळे गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, तेव्हा नुसत्या गोळीवर राहू नका, आणि नुसत्या कंडोमवरही नको. आपल्यासारख्यांना तांबी, म्हणजे कॉपर-टी, सगळ्यात सोयीची: हॉर्मोन नाही, भरवसा जास्त, सरकारी रुग्णालयांत मोफत बसवतात आणि चान्स घ्यायचा ठरला की काढता येते. 'मूल झालेलं नाही, तांबी कशी बसवणार' असं कुणी म्हणालं तर मानू नका, बसवता येते.

अँटिबॉडीच्या तपासण्या आत्ताच करून घ्या. लुपस अँटिकोअॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन या अँटिफॉस्फोलिपिडच्याच तीन तपासण्या, यांतलं काही पॉझिटिव्ह आलं तर १२ आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं, दिवस गेल्यावर एवढा वेळ कुठून आणणार? पॉझिटिव्ह असाल तर गरोदरपणात ॲस्पिरिन आणि बऱ्याचदा रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनंही लागतात. आधीचे गर्भपात झाले असतील तर तेही लपवू नका, त्यांच्यावर औषध ठरतं. दुसरी तपासणी अँटि-रो आणि अँटि-ला, या लुपसमधल्या आणखी दोन अँटिबॉडी. रो पॉझिटिव्ह असेल तर १०० पैकी साधारण २ बाळांच्या हृदयाचे ठोके गर्भातच मंदावण्याचा धोका असतो. म्हणून १६-१८ व्या आठवड्यापासून २६ व्यापर्यंत बाळाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करत राहतात. एचसीक्यूचा इथेही उपयोग होतो. मी रो पॉझिटिव्ह आहे. ते आठवडे वाईट गेले, एवढंच सांगते.

हे सगळं वाचून धीर सोडू नका. अमेरिका-कॅनडातला ३८५ गरोदर बायकांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजार शांत किंवा बेताचाच असलेल्या बायका घेतल्या होत्या, आणि त्यांतल्या ८१ टक्के जणींना मोठी अडचण आली नाही. मात्र फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढलेला असेल, क्रिएटिनिन बरंच चढलेलं असेल किंवा नुकताच पक्षाघात होऊन गेला असेल, तर डॉक्टर 'नको' म्हणतील, आणि ते ऐकायचं.

दिवस राहिले की लहान डोसचं ॲस्पिरिन सहसा १६ व्या आठवड्याच्या आत सुरू करतात, लुपसमध्ये बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाण्याचा, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त असतो म्हणून. गंमत अशी की किडनीचा लुपस पुन्हा उसळला तरी हेच दिसतं: सूज, बीपी, लघवीत प्रोटीन. त्यासाठी सी३, सी४ आणि डीएस-डीएनए या आजाराचा जोर दाखवणाऱ्या रक्ततपासण्या दिवस राहण्याआधीच करून ठेवले की तुलना करता येते. लुपस उसळला की सी३, सी४ खाली जातात, पण गरोदरपणात ते एरवी वाढतात, त्यामुळे 'नॉर्मल' आलेला आकडाही तुमच्यासाठी खाली गेलेला असू शकतो.

कुठे दाखवायचं, हेही विचारलंत. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलतील अशी जागा बघा. मी परळला केईएमच्या संधिवात ओपीडीत जायचे. ऐरोलीहून तुम्हाला ठाण्याला येऊन गाडी बदलावी लागेल, रांग मोठी असते, डबा न्या. प्रसूतीची जागा मात्र घराजवळची आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, असलेली हवी. बाळं जरा लवकर येण्याची शक्यता असते.

आणि पहिलं बाळंतपण माहेरी हा हट्ट या वेळी सोडा. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आईलाच ठाण्याला बोलावून घेतलं, ती थोडी फुगली, मग रमली. बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने आजार उसळायची भीती असते, आणि त्याच महिन्यांत सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. एचसीक्यू, अझाथायोप्रिन, कमी डोसचं स्टिरॉइड यांच्यावर अंगावर पाजता येतं, मायकोफेनोलेटवर नाही. बाळंतकाढे वगैरे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. संधिवाताच्या डॉक्टरांची बाळंतपणानंतरची तारीख नवव्या महिन्यातच घेऊन ठेवा, आणि त्या भेटीत तांबीचं पुन्हा विचारा.