विचारा की! : एस्प्रेसोला कप केवढा?

प्रश्न : ताई, बोनस मिळाला तेव्हा नवऱ्याने हौसेने घरी एस्प्रेसो मशीन आणलं आणि मी ऑनलाइन सेलमध्ये दोन व्हॅक्यूमवाले स्टीलचे मग घेतले, १२ औंसाचे. म्हटलं मोठा असला की कशालाही चालतो. पण आता कपुचिनो केली की ती मगाच्या तळाशी कुठेतरी दिसते, आणि अख्खा मग भरून केली तर कॉफीची चवच लागत नाही, गरम दूध प्यायल्यासारखं वाटतं. नवरा म्हणतो बीन्स बदलू, मी म्हणते मशीनच फालतू आहे. वर तो मग मशीनखाली सरळ बसतही नाही, तिरका धरून उभं राहावं लागतं. नक्की कुठल्या साइजचे घ्यायचे? आम्ही दोघंच आहोत, शनिवार-रविवारी कोणीतरी टपकतं. (घणसोली)

उत्तर : बीन्स नका बदलू आणि मशीनलाही शिव्या घालू नका, घोळ मगात आहे. पातेलं मोठं असलं की भात जास्त होतो ना, तसंच हे, मग मोठा असला की हात दूध ओततच राहतो. शॉट म्हणजे मशीनमधून एका वेळी निघणारी एस्प्रेसो. तुमच्या घरी बहुतेक डबल शॉट निघत असणार, म्हणजे साधारण १८ ग्रॅम पूड आणि त्यातून ३६ ग्रॅमच्या आसपास कॉफी. १२ औंस म्हणजे ३५५ मिली. त्यात हा एवढासा शॉट टाकून वरपर्यंत दूध आणि फेस भरलात तर कॉफीच्या सात-आठ पट दूध झालं, मग जगातले सगळ्यात महाग बीन्स आणा नाहीतर काहीही आणा, लागणार दूधच.

तर कप निवडायचा तो उलट्या बाजूने. आधी पेय किती होतं ते बघायचं, मग त्याला भांडं. शॉट ४० मिली धरा. कपुचिनोला थंड दूध १०० ते ११० मिली घेतलंत तर स्टीम करून फुगून ते १३०-१४० होतं, म्हणजे एकूण १७०-१८०. याला २०० मिलीचा कप अगदी मापात. फ्लॅट व्हाइट याच कपात होतं, फक्त फेस पातळ. कोर्टाडो, म्हणजे कॉफी आणि दूध जवळपास सारखं, त्याला १२० पुरे. लाटे, म्हणजे जास्त दुधाची कॉफी, लागते त्यांनी ३०० पर्यंत जायला हरकत नाही, पण त्याच्या वर घरात कशाला जायचं मला कळत नाही, कारण त्याला दोनशेच्या वर दूध तापवावं लागतं आणि मशीनसोबत येतो तो ३५० मिलीचा स्टीलचा जग तेवढ्यात उतू जायला लागतो. नुसती एस्प्रेसो पिणार असाल तर ८०-९० मिलीचा छोटा कप, शॉट जेमतेम ३६ ग्रॅमचा असला तरी ताज्या क्रीमामुळे, म्हणजे वरच्या तपकिरी फेसामुळे, तो दिसतो ५०-६० मिली.

आता हे ८०, १२०, २०० आकडे खोक्यावर बघून घेऊ नका, इथेच गंडायला होतं. परवा मी स्वयंपाकघरातला वजनकाटा ओट्यावर मांडला आणि घरातले सगळे कप मोजून काढले, कप ठेवायचा, काटा शून्य करायचा, पाणी ओतायचं, एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली, सोपं काम. एका डबल वॉलच्या, म्हणजे दुहेरी भिंतीच्या, काचेच्या कपावर ८० मिली लिहिलंय. ८० बसलं खरं, पण कसं, तर पाणी काठावर फुगून थरथरत होतं, उचलायला गेले आणि ओट्यावर तळं. हात न भाजता ओठाला लावता येईल एवढं धरलं तर ६५. म्हणजे खोक्यावरचा आकडा काठोकाठचा असू शकतो, तुम्ही वरून एक बोट सोडूनच हिशोब करा. औंसाचं पण तसंच, एक औंस म्हणजे तीस मिलीला थोडं कमी, सरळ तीसने गुणा, चालतं. ६ औंस १८०, ८ औंस २४०.

आणि मोठ्या मगात थोडीशी कॉफी घातली की ती लवकर निवते, हे तुम्ही लिहिलं नाहीये पण होत असणार. व्हॅक्यूम असतो भिंतीत. वरचं तोंड तर उघडंच असतं, आणि वाफ जाते तिथूनच. झाकण नसेल तर अर्धी उष्णता वाचवायला पैसे मोजले असं होतं. शिवाय शॉट एवढासा असतो की थंड कपात पडला की कपच त्याची गरमी ओढून घेतो, जाड सिरॅमिकचा कप तर फारच. म्हणून छोट्या कपाच्या बाबतीत मी डबल वॉलपेक्षा जास्त मार्क देते तो आधी गरम करण्याला.

इथे एक गंमत आहे. मशीनच्या डोक्यावर कप गरम करायची जाळी असते ना, तिच्यावर व्हॅक्यूमवाला मग तासभर ठेवलात तरी आतून थंडच राहतो, आणि राहणारच, बाहेरची गरमी आत जाऊ न देणं हेच तर त्याचं काम! साधा सिरॅमिक कप तिथे ठेवा. डबल वॉलवाला आतूनच गरम करायचा, पूड न घालता मशीनमधून नुसतं गरम पाणी त्यात सोडा, अर्धा मिनिट ठेवा, ओता, पुसा, मग शॉट. याने मशीनचं तोंडही तापतं, एका दगडात दोन पक्षी.

उंचीचं म्हणाल तर घेण्याआधी स्केल घेऊन ड्रिप ट्रेपासून पोर्टाफिल्टरच्या (पूड भरायच्या दांड्याच्या) तोटीपर्यंत मोजा. तुम्ही शॉट वजनकाट्यावर काढत असाल (काढत जा, अंदाजाने रोज वेगळी होते) तर काट्याची उंची त्यातून वजा करा, लोक हेच विसरतात. काही मशीनची ट्रे निघते आणि दोन-तीन सेंटीमीटर जागा मिळते, बघा तुमची निघते का. नाहीतर शॉट छोट्या कपात काढून मगात ओतायचा, पण अर्धा क्रीमा त्या छोट्या कपालाच चिकटून राहतो आणि धुवायचं भांडं एक वाढतं.

आकार पण बघा. उंच आणि अरुंद मगात कॉफीवर दुधाचं पान-बिन काढायचं स्वप्न सोडून द्या, दुधाच्या जगाची चोच कॉफीच्या जवळ नेताच येत नाही, दूध उंचावरून पडतं आणि फेस सरळ खाली बुडी मारतो. तळाला गोल आणि वर पसरट असा बुटका कप घ्या. थोडक्यात २०० मिलीचे चार कप, चारही सारखे, म्हणजे पाहुणे आले की कोणाला कमी कोणाला जास्त होत नाही आणि तुमच्या हाताला एकच माप बसतं.

ते साडेतीनशेचे मग विकू नका हं. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्यात बर्फ भरा, वर शॉट, मग दीडशे मिली थंड दूध. आइस्ड लाटेला बर्फाचीच एवढी जागा लागते की हाच साइज बरोबर. आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत साध्या ग्लासला दोन मिनिटांत बाहेरून पाणी सुटतं आणि टेबलावर गोल डाग पडतात, या मगाला घाम येत नाही.

प्रश्न : माझ्या डबल वॉल काचेच्या कपात दोन भिंतींच्या मध्ये पाण्याचे थेंब दिसतात. व्हॅक्यूम गेला का? दुकानदार म्हणतो तुम्ही नीट वापरला नाही. (घोडबंदर रोड)

उत्तर : व्हॅक्यूम जायला मुळात असावा लागतो. अशा काचेच्या कपांत मध्ये साधी हवा असते. गरम झाल्यावर ती हवा फुगते म्हणून तळाला बारीक भोक ठेवतात आणि ते सिलिकॉनच्या बुचाने झाकतात, तुमच्या कपाचं ते ढिलं झालं असेल किंवा तो सिंकमध्ये पाण्यात बुडवून ठेवला असेल. (आपल्याकडे रात्रीची भांडी भिजत पडतात, तिथेच कारभार होतो.) कप उताणा न ठेवता पालथा घालून, भोक वर येईल असा दोन-चार दिवस कोरड्या जागी ठेवा, जमलं तर खिडकीत उन्हाला. पावसाळ्यात नाही सुकणार, पाऊस संपायची वाट बघा. मात्र काचेला तडा असेल तर सरळ टाकून द्या. आणि स्टीलच्या चमच्याने साखर ढवळू नका त्यात, आतली काच पातळ असते, बारीक चरा पडतो आणि मग कधीतरी गरम कॉफी ओतल्यावर तिथूनच फुटते. माझा एक असाच गेला, पाहुण्यांसमोर.

व्हॅक्यूम खरंच गेलाय का हे स्टीलच्या मगाचं तपासायचं असतं. उकळतं पाणी भरा, पाच मिनिटांनी बाहेरून हात लावा. वरची कड गरम लागणारच, तिथे दोन्ही भिंती जुळलेल्या असतात. पण पोटाला, मध्यावर गरम लागलं तर व्हॅक्यूम संपला, आता तो साधा मग समजून वापरा. दुरुस्ती वगैरे काही होत नाही.

प्रश्न : मी ठाण्याहून तुर्भ्याला ट्रेनने जातो. घरून कपुचिनो नेतो, पण पोचेपर्यंत फेस गायब आणि आता तर मगाला आंबूस वास मारतो, कितीही घासा. मोठा मग घ्यावा का? (पाचपाखाडी)

उत्तर : दादा, मोठा नको, उलट लहान घ्या. प्रवासात फेस टिकणारच नाही, त्यामुळे कपुचिनो न्यायचा हट्ट सोडा. लाटे न्या किंवा नुसत्या गरम पाण्यातली अमेरिकानो न्या, ती वाटेत बिघडत नाही. २४० ते ३०० मिलीचा, फिरकीच्या झाकणाचा. सरकत्या झाकणाचे मग गाडीच्या कपहोल्डरसाठी ठीक, पण सकाळच्या गर्दीत बॅग पोटाशी धरून उभं राहायचं असेल तर ते गळतात, शेजाऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर लाटे सांडली तर ऐरोली येईपर्यंत ऐकून घ्यावं लागेल. भरताना वर दोन बोटं जागा सोडा.

आणि दूध फार तापवू नका, ६० ते ६५ डिग्री पुरे. ७० च्या पुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो, शिवाय बंद मगात ते निवत नसल्यामुळे तुर्भ्याला पोचल्यावर पण जीभ भाजते. दुधाचा जग हातात धरवत नाही असं झालं की थांबा.

वास मगात नाहीये, झाकणाच्या सिलिकॉनच्या रिंगमध्ये आहे. चमच्याच्या मागच्या टोकाने ती रिंग काढा, खाली काय निघतं ते बघून कॉफी सोडावीशी वाटेल. गरम पाणी आणि खायचा सोडा, त्यात रात्रभर बुडवा, सकाळी धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावरच बसवा. आणि ऑफिसला पोचलात की मग लगेच विसळा, दुधाची कॉफी संध्याकाळपर्यंत कोमट अवस्थेत बंद मगात ठेवणं म्हणजे विरजणच लावणं. उरलेली दुपारी पिऊ असंही करू नका, दोनेक तासांत संपवा नाहीतर ओतून द्या.

प्रश्न : सासूबाईंना माझा एस्प्रेसोचा कप बघून हसू येतं. म्हणतात, "ही काय भातुकली? कटिंगसुद्धा याच्यापेक्षा जास्त येते." आमच्याकडे मशीन नाही, मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) आहे, तीन कपवाला. त्यातून तिघांना पुरेल असं वाटलं होतं, पण एकालाच होते. फसवलं का? (कळवा)

उत्तर : फसवलं नाही, मोका पॉटवाल्यांचे कप भातुकलीचेच आहेत! मोका पॉटवरचा "एक कप" म्हणजे एस्प्रेसोचा कप, ४०-५० मिलीचा. इटलीत १९३३ साली बियालेत्ती नावाच्या माणसाने हा पॉट बाजारात आणला. तीन कपवाल्यातून सगळी मिळून दीडशेच्या आतच येते, आपल्या चहाचा एक कप. पॉट अर्धा भरून करायला जाऊ नका, नीट होत नाही. पूर्ण करा आणि वाटून घ्या. मोकाची कॉफी एस्प्रेसोइतकी दाट नसते, म्हणून तिला दूध पण कमी लागतं, ५० मिली कॉफीला ७०-८० मिली दूध, बस.

सासूबाईंना कप नकोच. डबल वॉल, व्हॅक्यूम काही नको, त्यांना स्टीलचा डबरा-टंबलर द्या, जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात मिळतो. त्यात दीडशे मिली आरामात मावतं, वरून खाली ओतून फेस काढता येतो, आणि गरम लागली तर डबऱ्यात ओतून निववता येते. साखर मात्र त्यांना त्यांच्या हाताने घालू द्या.