रिट्रेंचमेंट म्हणजे कपात की काटकसर? जोसेफ ह्यूमच्या निमित्ताने

प्रश्न असा आलाय की जोसेफ ह्यूम या एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश खासदारावर मराठीत छोटा लेख लिहायचाय, त्यात 'पीस, रिट्रेंचमेंट अँड रिफॉर्म' ही त्या काळातली घोषणा येते, डिक्शनरीत रिट्रेंचमेंटला 'नोकरकपात' दिलंय, तर 'शांतता, नोकरकपात आणि सुधारणा' असं लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. 'काटकसर' लिहा. का ते जरा सविस्तर सांगते, कारण या एका शब्दात ह्यूमचं निम्मं आयुष्य आहे आणि तो चुकला तर माणूसच उलटा होतो.

मुळात इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, कापणं, छाटणं या अर्थाने. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पार्लमेंटमध्ये रिट्रेंचमेंट म्हटलं की कळायचं सरकारी खर्चाला कात्री. आपल्याकडे मात्र तो १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातून कामगारांच्या कानावर पडला, एक महिन्याची नोटीस आणि पुऱ्या झालेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि मग घरी. माझे बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात होते, त्यांना आलेल्या इंग्रजी पत्रात हाच शब्द होता. ते घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि आईला एवढंच म्हणाले, "कमी केलं." मराठीत या गोष्टीला खरं तर हेच म्हणतात, त्याला कमी केलं, वीस जणांना कमी केलं. नोकरकपात हा पेपरातला शब्द. त्यामुळे तुमचं वाक्य वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गेटबाहेर उभी राहिलेली माणसंच येणार, आणि ह्यूमने तर कामगारांसाठी नेमकं उलटं काम केलंय!

१७९९ आणि १८०० च्या कॉम्बिनेशन कायद्यांनी इंग्लंडमध्ये कामगारांनी पगारवाढीसाठी एकत्र येणं हाच गुन्हा ठरवला होता. ते कायदे १८२४ मध्ये रद्द झाले ते ह्यूमने पार्लमेंटमध्ये लावून धरल्यामुळे, बाहेरून फ्रान्सिस प्लेस नावाचा लंडनचा शिंपी कागदपत्रं आणि साक्षीदार जमवून देत होता. पुढच्याच वर्षी संपांची लाट बघून सरकारने कायदा पुन्हा आवळला हे खरं, पण युनियन करणं हाच गुन्हा, ही स्थिती परत आली नाही. अशा माणसाच्या घोषणेत 'नोकरकपात' बसवणं बरोबर नाही.

मग त्याला काय छाटायचं होतं? काम न करता पगार खाणाऱ्या नेमणुका, वशिल्याची पेन्शनं, सैन्यावरचा आणि करवसुलीवरचा वारेमाप खर्च. अंदाजपत्रक आलं की प्रत्येक कलमावर हा उठून उभा राहायचा, हा खर्च कशाला, किती, कोणी मंजूर केला, आणि एकेका कलमावर मतदान घ्यायला लावायचा, हरणार हे माहीत असूनसुद्धा. करवसुलीलाच किती खर्च होतो हे तपासायला १८२० मध्ये त्याने समिती नेमायला लावली. आधी नुसतं 'पीस अँड रिफॉर्म' होतं, त्यात रिट्रेंचमेंट घालण्याचं श्रेय त्यालाच देतात.

आता 'काटकसर'च का, 'खर्चकपात' का नाही. खर्चकपात चुकीचं नाही, अर्थ पोचतो, पण तो सरकारी जीआरमधला शब्द आहे, घोषणेत मरगळलेला वाटतो. काटकसरीत काटणं आहे आणि कसर आहे. कसर म्हणजे उणीव, तूट, मूळ अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द, 'कसर भरून काढली', 'काही कसर ठेवली नाही' यातला तोच. (पैठणीला लागते ती कसर, किडा, तो वेगळा.) आणि मराठीत काटकसर हा गुण आहे, हे महत्त्वाचं. 'चिक्कू', 'कंजूष', 'चिंगूस' या शिव्या आहेत, काटकसरी बाई हे कौतुक आहे. आई महिन्याच्या शेवटी वाण्याची वही घेऊन बसायची, एकेका ओळीवर बोट ठेवून, "ही साखर दोनदा कशी लिहिली?" वाण्याला राग यायचा, पण पुढच्या महिन्यात तो जपून लिहायचा. ह्यूम हाऊस ऑफ कॉमन्समध्ये हेच करत होता.

आणि ते त्याच्या घरातूनच आलं असावं असं मला वाटतं. जन्म १७७७, माँट्रोझ, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. वडील जहाजावर कप्तान, ते लवकर गेले, मग आईने भांड्यांचं छोटं दुकान चालवून मुलं वाढवली. पोरगं गावातल्या सर्जनकडे उमेदवारीला, नंतर एडिंबरोला वैद्यकी, आणि तिथून ईस्ट इंडिया कंपनीत असिस्टंट सर्जन म्हणून हिंदुस्थानात.

इथे आपला संबंध येतो, तो लेखात नक्की घ्या. कंपनीच्या फार थोड्या लोकांना इथल्या भाषा येतात हे बघून तो हिंदुस्थानी आणि फारसी शिकला, आणि १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात बुंदेलखंडच्या फौजेबरोबर दुभाष्या म्हणून गेला. ओली झालेली बंदुकीची दारू सुकवायची रीत त्याने शोधून दिली, तीही याच युद्धाच्या तोंडावर. म्हणजे आपल्या लोकांवर डागलेल्या दारूत याचं रसायनशास्त्र होतं, हेही लिहायला हवं, फक्त गोड गोड नको. शिवाय पगारवाटप, रसद, टपाल अशी कामं करत त्याने साधारण चाळीस हजार पौंड साठवले आणि तिशीत परत गेला. पुढे जन्मभर दुसऱ्यांच्या हिशेबाला बोट लावणारा माणूस हिशेब शिकला तो कंपनीच्या फौजेत, आणि ही पुंजीही तिथलीच.

'रिफॉर्म'बद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते, कारण तिथेही फसायला होतं. मराठीत 'सुधारक' म्हटलं की आगरकर आठवतात, त्यांचं १८८८ चं 'सुधारक' पत्र, विधवांचे प्रश्न, जातिभेद. ह्यूमच्या घोषणेतला रिफॉर्म मुख्यतः पार्लमेंटचा, मत कोणाला आणि खासदार कुठून याबद्दलचा. ओल्ड सॅरमसारख्या, जिथे वस्ती म्हणून उरलेलीच नव्हती, अशा जागेहून दोन खासदार यायचे आणि मँचेस्टरला स्वतःचा एकही नव्हता. ह्यूम स्वतः १८१२ मध्ये वेमथची जागा पैसे मोजून घेऊन आत गेला, तोही टोरी म्हणजे पुराणमतवादी पक्षाचा म्हणून, पुढच्या वेळी जागेच्या मालकांनी नाकारलं तर कोर्टात जाऊन काही पैसे वसूल केले! तोच माणूस १८१८ ला परत आला तो रॅडिकल, म्हणजे मुळापासून राजकीय बदल मागणारा होऊन, १८३२ च्या सुधारणेच्या बाजूने उभा राहिला, आणि १८४८ मध्ये प्रत्येक घरकर्त्याला मत, गुप्त मतदान, तीन वर्षांनी निवडणूक, सारख्या लोकसंख्येचे मतदारसंघ असा प्रस्ताव घेऊन सत्तरीत पुन्हा उभा राहिला. म्हणून पहिल्यांदा 'संसदीय सुधारणा' असं फोडून लिहा, मग पुढे नुसतं 'सुधारणा' चालेल. बाकी सैन्यातली फटक्यांची शिक्षा, नौदलात माणसं पकडून नेणं, कर्ज फिटलं नाही म्हणून तुरुंग, या सगळ्याविरुद्धही तो बोलत राहिला, त्याला एक परिच्छेद पुरेल.

'रॅडिकल'ला 'जहाल' करू नका, प्लीज. जहाल म्हटलं की आपल्याला टिळक आणि सुरतेची फूट दिसते. आणि इथे तर गोंधळ दुप्पट होईल, कारण काँग्रेस स्थापन करण्यात पुढाकार घेणारा ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हा याच जोसेफचा मुलगा. पहिलं अधिवेशन पुण्यात व्हायचं होतं, कॉलरा आला म्हणून डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात झालं. तेव्हा बाप जाऊन तीस वर्षं झाली होती, १८५५ ला गेला तो, शेवटपर्यंत माँट्रोझचा खासदार. मराठी वाचकाला 'ह्यूम' म्हणजे मुलगाच माहीत असतो, म्हणून पहिल्याच ओळीत 'काँग्रेसवाल्या ह्यूमचे वडील' असं सांगून टाका.

शेवटचं, तुमच्या मसुद्यात त्याच्या भाषणातले 'द टॉटल ऑफ द होल' हे शब्द आहेत त्याचं 'समग्र बेरीज' केलंय, ते काढा. तो टोटलला त्याच्या स्कॉटिश उच्चारात 'टॉटल' म्हणायचा आणि लंडनचे लोक त्यावरून त्याची टर उडवायचे, 'बेरीज' केली की ही सगळी गोष्टच जाते. टोटल हा शब्द आता आपलाच आहे, वाण्याकडे टोटल मारतात, एखाद्याचं वागणं कळलं नाही तर 'त्याची टोटलच लागत नाही' म्हणतात. म्हणून 'सगळ्याची मिळून टॉटल' असं ठेवा, टॉ तसाच, आणि पहिल्यांदा येतो तिथे अर्ध्या ओळीत उच्चाराचं सांगा.