एसटीएम३२एफ४०७ वर टायमरचा इंटरप्ट दुप्पट वेगाने का येतो?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: एसटीएम३२एफ४०७ या मायक्रोकंट्रोलर चिपचा कोअर (प्रोसेसर) १६८ मेगाहर्ट्झवर आणि टायमरसारखे भाग जिला जोडलेले असतात ती एपीबी१ बस ४२ मेगाहर्ट्झवर चालत आहे, फ्रीआरटीओएस या ऑपरेटिंग सिस्टिममधील एक सेकंदाचा विलंब बरोबर येतो, पण टायमर ३ मध्ये प्रीस्केलर (क्लॉकला भागणारी संख्या) ४१९९९ आणि ऑटो-रीलोड (मोजणी जिथे संपून पुन्हा सुरू होते ती संख्या) ९९९ ठेवूनही इंटरप्ट (टायमरने प्रोसेसरला दिलेला इशारा) एका सेकंदाऐवजी अर्ध्या सेकंदालाच येतो.

आपले गणित बरोबर आहे, गृहीत धरलेले क्लॉक मात्र चुकीचे आहे. या चिपमध्ये एपीबी बसचा विभाजक (मुख्य क्लॉकला भागून बसचे क्लॉक देणारा आकडा) १ असेल तर टायमरला बसचेच क्लॉक मिळते, परंतु विभाजक त्याहून मोठा असेल तर टायमरला बसच्या दुप्पट क्लॉक दिले जाते. आपला विभाजक ४ आहे, म्हणून बस ४२ वर असताना टायमर ३ हा ८४ मेगाहर्ट्झवर मोजतो. फ्रीआरटीओएसचा टिक (वेळ मोजण्याचा ठोका) सिसटिक या कोअरमधल्याच टायमरमधून, म्हणजे थेट कोअरच्या क्लॉकवरून येत असल्याने त्याला या दुपटीचा स्पर्शही होत नाही, आणि नेमक्या याच कारणाने शंका टायमरच्या क्लॉककडे न जाता भलतीकडे जाते.

माझ्या बाबतीत तसेच झाले होते. गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका कुळागरासाठी (पोफळींच्या बागेसाठी) मी पंपाचा नियंत्रक बनवला होता. पोफळींना दहा मिनिटे पाणी मिळायला हवे होते, पण पंप पाच मिनिटांतच थांबत असे आणि टोकाच्या झाडांपर्यंत पाणी पोहोचत नसे. मी दोन दिवस रिले आणि वायरिंग तपासले. चूक याच दुपटीत होती.

आता दुरुस्तीत एक सापळा आहे. ८४ मेगाहर्ट्झवरून १ किलोहर्ट्झ मिळवण्यासाठी प्रीस्केलर ८३९९९ लिहावा असे सहज सुचेल, परंतु ते रजिस्टर १६ बिटांचे आहे आणि त्यात ६५५३५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. वरचे बिट गळून १८४६३ उरतील आणि इंटरप्ट साधारण ०.२२ सेकंदाला येऊ लागेल, म्हणजे दुरुस्तीनंतर दोष अधिकच अनाकलनीय होईल. त्याऐवजी प्रीस्केलर ८३९९ आणि ऑटो-रीलोड ९९९९ ठेवा. दोन्ही ठिकाणी हवी त्यापेक्षा एकने कमी संख्या लिहायची, हे आपण आधीच पाळले आहे.

तरीही ८४ हा आकडा ड्रायव्हरमध्ये कायमचा लिहून ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वीज वाचवण्यासाठी उद्या कोणी बसचा विभाजक बदलला, तर कंपायलर काहीही तक्रार करणार नाही. आरसीसी या क्लॉक-नियंत्रण विभागाच्या सीएफजीआर रजिस्टरमधील पीपीआरई१ हे एपीबी१ च्या विभाजकाचे बिट वाचून ड्रायव्हरनेच टायमरचे क्लॉक काढावे. एफ४२९ सारख्या चिपवर टिमप्रे नावाचा आणखी एक बिट हे गुणोत्तर बदलतो, त्यामुळे तिथे तोही वाचावा लागतो.

फ्रीआरटीओएसचा विलंबही चुकत असता, तर मी आधी क्रिस्टलकडे, म्हणजे क्लॉकच्या मूळ स्रोताकडे, पाहिले असते. बोर्डावर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असताना प्रोग्रामच्या हेडर फाइलमध्ये २५ राहून गेले असेल आणि टिकचा हिशेब त्यावरून होत असेल, तर एक सेकंद तीन सेकंदांहून लांबतो. पीए८ पिनवर एमसीओ१ या क्लॉक बाहेर देणाऱ्या सोयीतून एचएसई (क्रिस्टलचे) क्लॉक बाहेर काढून ऑसिलोस्कोपवर मोजले, की क्रिस्टलचा प्रश्न काही मिनिटांत निकाली निघतो.

शेवटची बाब क्रमाची. प्रीस्केलरची नवी किंमत पुढच्या अपडेट घटनेपर्यंत (मोजणी संपून नव्याने सुरू होईपर्यंत) लागू होत नाही, म्हणून ती लिहिल्यावर टायमरच्या ईजीआर रजिस्टरमधील यूजी बिट लावून ही घटना लगेच घडवावी. त्यामुळे उभा राहिलेला अपडेट फ्लॅग पुसावा आणि त्यानंतरच इंटरप्ट सुरू करावा. अन्यथा पहिला इंटरप्ट टायमर सुरू होण्याआधीच येतो.