हप्ता लेकीच्या पहिल्या पगाराला झेपेल का?

तुमचं पत्र वाचलं. संगमनेरला हार्डवेअरचं दुकान, वर्षाचं उत्पन्न साडेसहा लाख, प्रवर्ग ओबीसी. मुलीला बी.आर्क.साठी, म्हणजे आर्किटेक्टच्या पदवीसाठी, 'कॅप'मधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) नाशिकला जागा मिळतेय. तिला मात्र पुण्याचं कॉलेज हवंय, मॅनेजमेंट कोट्यातून, वर्षाला 3 लाख फी भरून. त्यासाठी प्लॉट तारण ठेवून 15 लाखांचं कर्ज काढावं का, असं विचारलंत.

माझं उत्तर: काढू नका.

दरवर्षी 3 लाख उचलले आणि व्याज 10 टक्के धरलं, तर शिक्षणाची पाच वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. सरळव्याजाने धरलं तरी ते 6 लाख होतं. म्हणजे फेड सुरू होताना डोक्यावर 21 लाख, आणि पुढे दहा वर्षं महिना पावणेअठ्ठावीस हजारांचा हप्ता. पुण्यातल्या छोट्या ऑफिसात नव्या आर्किटेक्टच्या हातात साधारण 20 ते 25 हजार पडतात. अख्खा पगार बँकेत टाकूनही हप्ता पुरा होत नाही. मग खोलीभाडं, मेस, पेट्रोल कुठून?

काम नाही असं मी म्हणत नाही. मुंबई-पुण्यात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पाच्या खात्यातून बिल्डरला पैसे काढायचे तर आर्किटेक्टचा दाखला लागतो. नियमावली पाठ असलेला, महापालिकेतून नकाशे मंजूर करून आणणारा माणूस ऑफिसं सोडत नाहीत. पण हे कसब यायला पाच-सात वर्षं जातात, आणि बांधकामाला मंदी आली की पहिली कात्री नव्या पोरांना लागते. शिवाय 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' हे बिरुद लावता येत नाही, पण ते काम इतरांनी करायला 1972 च्या आर्किटेक्ट कायद्यात बंदी नाही. तुमच्याच गावात बंगल्यांचे नकाशे कोण काढतं ते आठवा. या पेशात पैसा उशिरा येतो, म्हणून कर्ज लहान हवं.

आता नाशिकचं. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलीने 'कॅप'मधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, तर 2024-25 पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. सगळा फरक इथेच पडतो.

वरखर्च मात्र राहतोच, आणि तो कुणी आधी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी मुलीची वही दाखवली होती: मॉडेलसाठी माउंट बोर्ड, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, कटरची पाती, ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या) आदल्या रात्री मोठ्या शीटच्या प्रिंट, शिवाय स्टडी टूर. त्यात चांगल्या ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप धरा. या सगळ्यासाठी आणि हॉस्टेलसाठी वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास लागले, तरी बरेचसे दुकानातून निघतील. उरलेल्यांसाठी छोटं कर्ज पुरे. साडेसात लाखांच्या आत बहुतेक बँका तारणही मागत नाहीत. प्लॉट मोकळा राहू द्या.

पुण्याचं म्हणाल, तर तिची हौस खोटी नाही. तिथे ओळखी होतात. पण कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी दोन्हीकडून एकच मिळते, आणि प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचं सत्र तिला पुण्या-मुंबईच्या ऑफिसात करता येईल. ते सहा महिने तिथे राहायचा खर्च आनंदाने करा.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर हाताशी आहेत का? नसतील तर उद्याच अर्ज टाका. प्रवेशाच्या दिवसांत सेतूत रांगा असतात.