थीम बदलण्यापूर्वी

विश्रामबागेतील आपल्या झेरॉक्सच्या दुकानात जुन्या संगणकावर तुम्ही लिनक्स मिंट या संगणकप्रणालीची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती बसवलीत, हे उत्तम झाले. मात्र थीम, म्हणजे खिडक्या-बटणांची रंगसजावट, बदलूनही काही खिडक्या जुन्याच रंगात का राहतात, याचे कारण आधी समजून घ्यावे. बहुतेक अ‍ॅप जीटीके किंवा क्यूटी या खिडक्या-बटणे तयार करणाऱ्या दोन संचांपैकी एकावर उभारलेले असतात आणि जीटीकेची थीम क्यूटीला आपोआप लागू होईलच असे नाही. त्यासाठी क्व्हान्टमसारखे, क्यूटी अ‍ॅपना थीम देणारे साधन लागते. जीटीके ४ वरची लिबअद्वैता (ठरावीक रूप देणारी जोड-लायब्ररी) वापरणारी अ‍ॅप तर बाहेरची थीम फारशी जुमानत नाहीत, तेथे हट्ट सोडलेला बरा.

उतरवलेली थीम होम फोल्डरमधील, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या थीम्स (.themes) फोल्डरात ठेवावी, म्हणजे प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही आणि ती आवडली नाही तर नुसती पुसता येते. (लपलेले फोल्डर कंट्रोल व एच दाबल्यावर दिसतात.) खिडकीच्या चौकटीची थीम मात्र विंडो मॅनेजरच्या (खिडक्यांच्या चौकटी सांभाळणाऱ्या भागाच्या) सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे निवडावी लागते.

गिऱ्हाइकांचे मराठी अर्ज तुम्ही दिवसभर टाइप करता, म्हणून रंगांपेक्षा फॉन्टकडे अधिक लक्ष द्यावे: नोटो सान्स देवनागरी बसवावा आणि आकार ११ च्या खाली नेऊ नये, कारण लहान अक्षरांत रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.