हेडलाइट बदलायला शोरूममध्ये ९ हजार सांगितले, क्लेम करू का बाहेरून टाकू?

तुमची गाडी २०१८ ची, साधी हॅलोजनवाली, डावी हेडलाइट गेली, शोरूमवाले ९ हजार म्हणायलेत आणि घरचे म्हणतात क्लेम टाक, एवढं तुम्ही लिहिलंय. ते घरचे म्हणतात वाचलं आणि माझं डोकं फिरलं, म्हणून उत्तर लिहायलोय, नाहीतर मी इथं नुसता वाचून जाणारा माणूस.

जानेवारीतली गोष्ट. कारखाने जोरात चालू होते. अंबाजोगाईहून बारशाचं जेवून रात्री लातूरला निघालो, मागं बायको आणि सासूबाई. एका ठिकाणी उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन अर्धा डांबरावर उभा, ना रिफ्लेक्टर ना लाल लाइट, ड्रायव्हर खाली वाकून टायर बघायला. समोरून ट्रकवाला अप्पर मारत आला, डोळ्यापुढं नुसतं पांढरं झालं, आणि तो गेल्यावर एकदम ट्रॉलीच समोर. स्टेअरिंग ओढलं, ब्रेक दाबला, तरी डावा कोपरा ट्रॉलीला घासलाच. सासूबाईंच्या मांडीवरचा घुगऱ्यांचा डबा पालथा, नंतर आठ दिवस सीटच्या फटीतून हरभरे निघत होते. माणसांना काही झालं नाही. गाडीचं म्हणाल तर बंपरला ओरखडा आणि हेडलाइट आत ढकललेली. फुटली नव्हती, लागतही होती, फक्त तोंड आभाळाकडं.

सकाळी साडू आले. वयानं मोठे, बँकेतून रिटायर, आमच्याकडं त्यांच्या शब्दापुढं कुणाचं चालत नाही. मी म्हणलं ओळखीच्या मिस्त्रीला दाखवून येतो. ते म्हणले, "अहो पाहुणे, मग इन्शुरन्स काय पूजेला भरता का?" बायकोनंही मान हलवली. गेलो शोरूमला, टाकला क्लेम.

आता हिशोब बघा, मी वहीत लिहून ठेवलाय. हेडलाइट ५,६००, मजुरी ८००. आपण हेडलाइटची काच म्हणतो पण ती काच नसतेच, पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. आणि झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची कपात न करणारं जादाचं कव्हर, नसेल तर प्लास्टिकला कंपनी सरळ ५० टक्के कापते, गाडी कितीही नवी असू द्या. त्यातून छोट्या गाडीला क्लेममागं १,००० रुपये आपल्याच खिशातून जातात. म्हणजे २,८०० अधिक ८०० वजा १,०००, हातात आले २,६००. चार वर्षं क्लेम नसल्यानं माझी एनसीबीची, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट ४५ टक्क्याला पोचली होती, त्या वर्षी ५० झाली असती. ती झाली शून्य. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) प्रीमियमवर असते, माझ्या तसल्या ७,६०० वर ३,८०० तिथंच गेले. पुढच्या वर्षी २० टक्के मिळाली, ५० मिळायची ती, प्रीमियम थोडा उतरला होता तरी तिथं अजून २,१०० गेले. म्हणजे २,६०० घ्यायला मी ५,९०० घालवले, त्याच्या पुढच्या वर्षांचं तर मोजलंच नाही. साडूंना म्हणलं तर म्हणले झिरो डेप कामून नाही घेतलं. अहो, झिरो डेपनं प्लास्टिकचे पूर्ण पैसे मिळतात, पण क्लेम केला की एनसीबी जातेच की! ती वाचवायचं ॲड-ऑन वेगळं असतं.

दोन वर्षांनी उजवी हेडलाइट तशीच हलली, आमच्याच गल्लीत, रिक्षा रिव्हर्स घेताना. या टायमाला कुणाला विचारलं नाही. बार्शी रोडच्या मिस्त्रीनं बंपर उतरवला, हेडलाइट हातात धरून उजेडात फिरवली आणि म्हणला, "साहेब, हिचे नुसते दोन कान गेलेत." कान म्हणजे ज्याला स्क्रू लागतो ती प्लास्टिकची पट्टी. सोल्डरिंगच्या गरम टोकानं तारेची जाळी आत दाबली, वरून तसलंच प्लास्टिक वितळवून बसवलं, कानशीनं घासलं. ३५० रुपये आणि दोन चहा. अजून हललेली नाही. त्या रात्रीची डावीसुद्धा एवढीच गेली होती असं मला तवापासून वाटतं, पण क्लेमचा जुना पार्ट परत मिळत नाही, मग आता सिद्ध कसं करणार.

तुमच्या ९ हजाराचं म्हणाल तर आधी फोड मागा. पार्ट किती, मजुरी किती, जीएसटी किती, आणि बल्ब नवे धरलेत का. जुने बल्ब-होल्डर चांगले असतील तर तेच नव्या हेडलाइटला बसतात. मग कंपनीचा पार्ट नंबर घेऊन स्पेअरच्या दोन दुकानात भाव विचारा. लुमॅक्स, मिंडा हे गाडीच्या कंपन्यांनाच माल देणारे, त्यांचा डबा मिळाला तर डोळे झाकून घ्या. बिननावाचा स्वस्त प्रोजेक्टर, म्हणजे आत भिंगवाली हेडलाइट, घेऊ नका. आपल्याकडं डिपरचा उजेड डाव्या बाजूला वर चढलेला पाहिजे, त्यातले कित्येक परदेशी रस्त्यासाठी बनवलेले असतात, ते उजवीकडं चढतात, म्हणजे समोरच्याच्या थेट डोळ्यात. बल्ब कंपनीनं दिलेल्या वॅटचाच टाका, साध्या हॅलोजनला बहुतेक ६०/५५ (अप्पर ६० वॅट, डिपर ५५), आणि १००/९० टाक म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा, होल्डर वितळतो. बसवून झाल्यावर सपाट जागी भिंतीपासून पंचवीसेक फुटावर गाडी लावून डिपर बघा, उजेडाची वरची रेघ हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडी खालीच पाहिजे.

एक कबूल करतो. माझ्या काचा तवा पिवळ्या पडल्या होत्या, आपल्याकडचं ऊन आणि गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर, दुसरं काय होणार. साडूंनी दोनदा सांगितलं होतं, घासून घ्या. ८०० नंबरचा, मग २,००० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर मारून पॉलिश आणि वरून यूव्ही कोट, एवढंच काम. टूथपेस्टनं महिनाभर चमकतात, परत तेच. घासल्या असत्या तर ट्रॉली कदाचित आधी दिसली असती.

आणि हे सगळं हॅलोजनच्या गाडीचं बरं का. पूर्ण एलईडीवाली असती तर आतला एक भाग गेला तरी बऱ्याचदा अख्खी असेंब्ली बदलावी लागते, तिथं आकडा हॅलोजनच्या कितीतरी पुढं जातो, तसंच बोनेट-रेडिएटरपर्यंत मार असेल तर क्लेमच करा, माझं ऐकू नका. तुमचं मात्र आधी मिस्त्रीला दाखवा, आणि बदलावीच लागली तर जुनी तिथंच सोडून येऊ नका, डिकीत टाका, तिचे कान नाहीतर होल्डर कधीतरी कामाला येतात.