सूक्ष्मजीवाश्मांच्या अभ्यासात करिअर होईल का?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असून तिचा मुख्य विषय भूशास्त्र आहे. पुढे सूक्ष्मजीवाश्मांवर काम करायचे असे ती म्हणते. आमच्या घरात या विषयाची माहिती कोणालाच नाही. डोळ्यांना धड दिसतही नाहीत अशा जीवाश्मांचा उपयोग काय, त्यावर पोट भरेल का आणि मुलीला समुद्रात जहाजावर राहावे लागेल का, हे कृपया कळवावे. तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असे आम्हाला वाटते. — एक पालक, जि. सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी आहेत आणि ती वेगळीच ठेवली पाहिजेत. या विषयाचा उपयोग मोठा आहे, त्याबद्दल शंका बाळगू नये. मात्र केवळ याच विषयाच्या नावाने निघणाऱ्या जागा थोड्या असतात. म्हणून मुलीने आधी सर्वांगाने तयार झालेली भूशास्त्रज्ञ व्हावे आणि सूक्ष्मजीवाश्म हे तिचे खास कौशल्य असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सूक्ष्मजीवाश्म म्हणजे पूर्वीच्या सूक्ष्म जीवांचे, किंवा मोठ्या जीवांच्या सूक्ष्म भागांचे, खडकात आणि गाळात टिकून राहिलेले अवशेष. त्यांत सर्वाधिक अभ्यास होतो तो फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांच्या कवचांचा. या विषयातली मंडळी त्यांना नुसते फोरॅम म्हणतात. रव्याच्या कणाएवढ्या या कवचांना आत कप्पे असतात, आणि त्या कप्प्यांची मांडणी, भिंतीची जाडी व तोंडाचा आकार यांवरून जाती ओळखल्या जातात. त्याखेरीज काचेसारख्या सिलिकाचे कवच असलेले डायाटम (सूक्ष्म शैवाल) आणि रेडिओलारिया (एकपेशीय सागरी जीव), ऑस्ट्रॅकॉड नावाचे चिमुकले कवचधारी प्राणी आणि वनस्पतींचे परागकण व बीजाणू हेही याच विषयात येतात. काही अवशेष तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागातच मोजावे लागतात.

उपयोगाची सुरुवात तेलापासून करतो, कारण या विषयाला पगारी नोकऱ्या प्रथम तेथेच मिळाल्या. तेलविहीर खोदताना खडकाचा चुरा होऊन तो चिखलाबरोबर वर येतो. त्यात शिंपले आणि हाडे चिरडून जातात, पण फोरॅम इतके लहान असतात की ते शाबूत राहतात, आणि चमचाभर चुऱ्यातही ते शेकड्यांनी सापडू शकतात. कोणत्या काळात कोणत्या जाती होत्या हे माहीत असले की छिन्नी नेमक्या कोणत्या काळाच्या थरात आहे, हे सांगता येते. अमेरिकेत १९२०च्या दशकात टेक्सासच्या विहिरींवर हे प्रथम सिद्ध करून दाखवणाऱ्यांत एस्थर ॲप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तीन स्त्रिया होत्या. ॲप्लिन यांनी १९२१ साली ही कल्पना मांडली तेव्हा भर सभेत तिची खिल्ली उडवली गेली होती. पुढे १९२५ साली तिघींचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि तेल कंपन्यांनी ही पद्धत उचलून धरली.

या कामात विचार किती बारकाईने करावा लागतो, याचे एक उदाहरण देतो. विहीर खोल जात असताना वरच्या थरांचा चुरा तिच्या भिंतींवरून खाली ढासळत राहतो, त्यामुळे वरच्या थरातल्या तरुण जाती खालच्या जुन्या नमुन्यांत मिसळतात. म्हणून एखादी जाती खाली कुठवर सापडते, यावर विसंबता येत नाही. वरून खाली जाताना ती पहिल्यांदा कुठे दिसली, हे पाहावे लागते, कारण ती जाती नामशेष झाल्याची पातळी तीच असते. आपल्याकडे मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले आणि तेथील मोठा साठा मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकात आहे. दिसायला सारख्याच अशा चुनखडकाच्या थरांचे वय आणि ते साचले तेव्हाची समुद्राची खोली ठरवताना फोरॅमचा आधार घेतला जातो.

दुसरा उपयोग हवामानाचा आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण आपल्या जिल्ह्यातील शेती ज्या पावसावर चालते त्याचाच तो इतिहास आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहतात तेव्हा ओमानच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाजूला सारले जाते आणि खालचे थंड, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. अशा पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस ही फोरॅमची जाती भरभराटीला येते. मेल्यावर तिची कवचे तळाच्या गाळात साचतात, आणि एकेका थरातील इतर जातींच्या तुलनेत तिचे प्रमाण मोजले की त्या काळी मोसमी वारे किती जोरदार होते, याचा अंदाज बांधता येतो. आयआयटी खरगपूरचे अनिल कुमार गुप्ता आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी ओमानजवळच्या अशाच गाळावरून दाखवून दिले की, गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत उत्तर अटलांटिक थंड पडण्याचे टप्पे आणि आपला मोसमी पाऊस कमजोर होण्याचे टप्पे जुळतात. हे काम २००३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. कवचातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचे, प्रमाण मोजून प्राचीन समुद्राचे तापमान व ध्रुवीय बर्फाचा साठा यांचा वेध घेण्याची पद्धत त्याहून जुनी आहे. चेझारे एमिलियानी यांनी ती १९५५ साली खोल समुद्राच्या गाळाला लावली, आणि हिमयुगांविषयीची आपली समजूत त्यामुळे मुळापासून बदलली.

इतर उपयोग थोडक्यात सांगतो. इंग्लंड आणि फ्रान्स यांना जोडणारा समुद्राखालचा बोगदा ज्या खडकाच्या थरातून न्यायचा होता तो थर ओळखण्यासाठी फोरॅम वापरले गेले. पाण्यात सापडलेल्या मृतदेहाच्या अस्थिमज्जेत डायाटम आहेत का, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासतात आणि मृत्यू बुडून झाला की देह नंतर पाण्यात टाकला, या प्रश्नाला त्याची मदत होते. किनाऱ्यावरील प्रदूषण वाढले की फोरॅमच्या जातींचे प्रमाण बदलते आणि कवचे विकृत होऊ लागतात, म्हणून त्यावरही देखरेख ठेवता येते.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसाच्या कातळाचा असल्याने येथे जीवाश्म नसतातच, असा आपल्याकडे एक समज आहे आणि तो अर्धवट खरा आहे. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये तळ्यांत साचलेले गाळाचे पातळ थर असतात. नागपूरजवळच्या टाकळी येथील अशा थरांतील जीवाश्म स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गोळा केले होते, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथे अशाच थरात समुद्रात तरंगणारे फोरॅम सापडले आणि २००९ साली ते प्रसिद्ध झाले. डायनासोर नाहीसे झाले त्याच्या लगेच नंतरच्या काळातील हे जीव आहेत. आज समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या त्या जागेपर्यंत तेव्हा समुद्राचा एक फाटा आला होता, हे त्या इवल्या कवचांवरून कळले, आणि आपल्या पायाखालचा कातळ केव्हा ओतला गेला याचा एक पक्का धागाही त्यातून मिळाला.

आता रोजच्या कामाविषयी. मुलीला हे काम खरोखर आवडते का, हे ठरवण्यासाठी आपणही ते नीट समजून घ्यावे. गाळाचा नमुना पाण्यात भिजत घालतात आणि ०.०६३ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुतात. एका नमुन्याचे कण दुसऱ्यात गेले तर निष्कर्ष चुकतात, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर चाळणी मेथिलीन ब्ल्यू या निळ्या रंगात बुडवतात. छिद्रांत अडकलेले जुने कवच पुढच्या नमुन्यात आलेच तर ते निळे दिसते आणि बाजूला काढता येते. वाळवलेला अवशेष चौकटी आखलेल्या काळ्या ताटलीवर पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याच्या ओल्या टोकाने एकेक कवच उचलायचे आणि पुठ्ठ्याच्या स्लाइडवर जातीनुसार लावायचे. एका नमुन्यातून साधारण तीनशे कवचे मोजण्याचा प्रघात आहे आणि एका अभ्यासात असे पन्नास-शंभर नमुने सहज असतात. हे तासन्तास एकाजागी बसून, मान आणि डोळे सांभाळून करण्याचे काम आहे. ज्याला त्यात गोडी वाटते त्याचा वेळ कसा जातो ते कळत नाही; ज्याला वाटत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, मग त्याचे गुण कितीही चांगले असोत.

पोटापाण्याचे गणित असे आहे. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांत भूशास्त्रज्ञांची भरती होते, कधी गेट या राष्ट्रीय पातळीवरील परीक्षेच्या गुणांवर तर कधी वेगळ्या परीक्षेने. ओएनजीसीत सुरुवातीची वेतनश्रेणी ६०,००० ते १,८०,००० रुपये आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जागा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भरल्या जातात. त्यासाठी भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते आणि खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २१ ते ३२ वर्षे आहे. याच पदवीवर केंद्रीय भूजल मंडळ आणि राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा यांचीही दारे उघडी राहतात. संशोधनाकडे जायचे असल्यास गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र, लखनौची बिरबल सहानी पुराविज्ञान संस्था आणि पुण्यातीलच आघारकर संशोधन संस्था ही नावे मुलीला ठाऊक असतीलच. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. मात्र पीएच.डी.ला पाच वर्षे धरावीत आणि त्यानंतरही कायम नोकरीसाठी काही वर्षे थांबावे लागू शकते, हे घरात आधीच बोलून ठेवावे. खासगी तेल क्षेत्रातील कामे बहुतांशी परदेशी सल्लागार कंपन्यांकडे असतात आणि तेलाचे भाव पडले की शोधमोहिमांचा खर्च सर्वांत आधी कापला जातो, म्हणून केवळ त्यावर भिस्त ठेवू नये.

यासाठी एम.एस्सी. भूशास्त्र किंवा उपयोजित भूशास्त्र यांतच करावी आणि शोधप्रकल्प सूक्ष्मजीवाश्मांवर घ्यावा. आयआयटीतील प्रवेश जॅम परीक्षेतून होतात. तिचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ आणि राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शेजारचे गोवा विद्यापीठ हे चांगले पर्याय आहेत. जोडीला संख्याशास्त्र आणि पायथन ही संगणकभाषा शिकणे आवश्यक आहे, कारण छायाचित्रांवरून जाती ओळखणाऱ्या संगणक प्रणाली आता येत आहेत, आणि त्यांना शिकवणारे व त्यांच्या चुका पकडणारे तज्ज्ञ डोळे त्यामुळे अधिकच लागतील.

जहाजाविषयीची आपली काळजी समजण्यासारखी आहे. बहुतेक काम प्रयोगशाळेतच होते, आणि जहाजावर न जाताही या विषयात उत्तम संशोधन करता येते. सागरी मोहिमा काही आठवड्यांच्या किंवा एक-दोन महिन्यांच्या असतात आणि त्यांत स्त्री-वैज्ञानिक नियमितपणे जातात. राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या अदिती पंत या मूळच्या नागपूरच्या, आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता, या दोघी १९८३ सालच्या मोहिमेतून अंटार्क्टिकाला जाऊन आल्या, त्यालाही आता चार दशके उलटली.

बँकेच्या परीक्षा पदवीनंतर काही वर्षे देता येतात, त्यामुळे ते दार आजच बंद होत नाही. तूर्त मुलीने आपल्या प्राध्यापकांच्या शिफारसपत्रासह वर उल्लेखिलेल्या एखाद्या संस्थेकडे उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करावा. अर्जात ‘मला या विषयाची आवड आहे’ एवढेच न लिहिता आजवर कोणते नमुने धुतले, कोणता सूक्ष्मदर्शक हाताळला आणि किती आठवडे देता येतील, हे लिहावे. असे अर्ज जानेवारी-फेब्रुवारीतच गेलेले बरे. दोन महिने कुंचला हातात धरून झाल्यावर तिचे म्हणणे काय आहे ते आपण पुन्हा विचारावे, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाचा निर्णय त्यानंतर दोघांनी मिळून घ्यावा.